नावाचे ऋण फेडणारा नट

(वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन कार्यकर्ते माझ्या घरी आले, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटले, "शिवाजी या नावावर बोलेन." त्यांना आनंद झाला. त्यांच्यापैकी एकाने वही काढली आणि विचारले, "राज्याभिषेकावर बोलणार की दक्षिण दिग्विजयावर?" मी म्हणालो, "दोन्हींचा उल्लेख येईल. पण मला बोलायचे आहे ते शिवाजी गणेशन यांच्यावर." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एका तरुणाने संकोचाने विचारले, "म्हणजे ते मद्रासी सिनेमातले?"

त्या एका प्रश्नाने माझा विषय पक्का झाला. विंध्यापासून कन्याकुमारीपर्यंतच्या भूमीला आपण पुण्यभूमी म्हणतो, प्रातःस्मरणात तिथल्या संतांची आणि नद्यांची नावे घेतो. आणि त्याच भूमीतील चार भाषांच्या लोकांना 'मद्रासी' या एका शब्दात गुंडाळून मोकळे होतो. शिवाजी गणेशन १ ऑक्टोबर १९२८ रोजी जन्मले आणि २१ जुलै २००१ रोजी चेन्नईत निवर्तले. जवळजवळ अर्धशतक ते तामिळ पडद्यावर होते. २७५हून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. त्यांत बहुसंख्य तामिळ, पण काही तेलुगूही आहेत. या माणसाच्या नावात आपल्या महाराजांचे नाव कसे आले आणि त्याने त्या नावाचे पुढे काय केले, हे महाराष्ट्राने जाणून घ्यायला हवे. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

जिंजीच्या सावलीत

गणेशन यांचा जन्म विळुप्पुरमचा. आज ज्या विळुप्पुरम जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण आहे, त्याच जिल्ह्यात जिंजीचा किल्ला आहे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयात महाराजांनी जिंजी घेतली आणि तिची तटबंदी नव्याने मजबूत करवून घेतली. त्या दूरदृष्टीचे फळ पुढच्या पिढीला मिळाले. संभाजीराजांच्या बलिदानानंतर औरंगजेबाने महाराष्ट्र पोखरला, तेव्हा राजाराम महाराज जिंजीला गेले आणि स्वराज्याची गादी तिथून चालली. सुमारे आठ वर्षे मोगली फौज त्या किल्ल्याभोवती झुंजत राहिली. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी.

गणेशन यांच्या घराण्याचे मूळ गाव तंजावरजवळचे सूरक्कोट्टै. तंजावर म्हणजे व्यंकोजीराजांची गादी. तिथे भोसल्यांनी पावणे दोनशे वर्षे राज्य केले, मराठीत नाटके लिहिली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. तेव्हा या मुलाला शिवाजी हे नाव मिळण्याआधीच त्याच्या मातीत ते नाव मुरलेले होते. परंतु त्या घरात याची कोणाला जाणीव असेल, असे मला वाटत नाही. घर गरीब होते. वडील चिन्नय्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते. गावात आलेल्या लोकनाट्य मंडळींनी कट्टबोम्मन या वीराचे आख्यान सादर केले. ते पाहून या पोराने नट व्हायचे ठरविले. आपण अनाथ आहोत अशी थाप मारून तो एका बालनाटक मंडळीत शिरला. तिथे त्याने स्त्रीभूमिका केल्या, पडेल ते काम केले, गुरूंचा मार खाल्ला. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांचे दिवस ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

नाव दिले कोणी?

आता मी अशा प्रसंगाकडे येतो, जो आपल्या व्यासपीठावर सांगताना थोडा अवघडलेपणा येतो. पण तो टाळला तर भाषणाला अर्थ उरणार नाही.

१९४६च्या सुमारास सी. एन. अण्णादुराई यांनी एक नाटक लिहिले. त्याच्या तामिळ नावाचा अर्थ होतो 'शिवाजीने पाहिलेले हिंदू राज्य'. विषय रायगडावरील राज्याभिषेकाचा. स्वपराक्रमाने राज्य उभे करणाऱ्या पुरुषाच्या क्षत्रियत्वावर शंका घेतली जाते, राज्याभिषेकाला आडकाठी केली जाते आणि गागाभट्टांना पाचारण करावे लागते, या घटनेवर ते नाटक बेतलेले होते. अण्णादुराई द्रविड चळवळीचे तरुण पुढारी. त्यांचा रोख उघड होता. त्यांना शिवाजी महाराजांचे चरित्र सांगायचे नव्हते. त्या चरित्राच्या आधाराने जातिश्रेष्ठत्वावर आसूड ओढायचा होता. गागाभट्टांची भूमिका खुद्द अण्णादुराई करीत. शिवाजीची भूमिका एम. जी. रामचंद्रन यांच्यासाठी ठरलेली होती. काही कारणाने त्यांनी ती सोडली आणि ती या सडपातळ, डोळ्यांत विस्तव असलेल्या गणेशनकडे आली. नव्वदएक पानांची संहिता त्याने काही तासांत मुखोद्गत केली, असे सांगतात.

प्रयोगाला पेरियार ई. व्ही. रामस्वामी उपस्थित होते. मूर्तिपूजेचे, पुराणांचे आणि हिंदू धर्माचे त्यांच्याइतके कठोर विरोधक त्या काळात दुसरे नसतील. त्या वृद्ध पुढाऱ्याने प्रयोग पाहून सांगितले की, हा मुलगा आता गणेशन नव्हे, हा 'शिवाजी' गणेशन.

बंधूंनो, हा योगायोग विलक्षण आहे. हिंदवी स्वराज्याच्या संस्थापकाचे नाव एका तामिळ नटाला बहाल केले ते हिंदुत्वाच्या पुरस्कर्त्याने नव्हे, तर त्याच्या कट्टर टीकाकाराने. यावर दोन प्रकारे बोलता येईल. 'पाहा, विरोधकांनाही महाराजांचे नाव घ्यावे लागले,' असे म्हणून आपण टाळ्या घेऊ शकतो. मला तो मार्ग सोपा वाटतो, म्हणून मी तो घेत नाही. पेरियारांच्या विचारांशी माझा मतभेद आहे आणि तो मूलगामी आहे. परंतु त्या नाटकातला प्रश्न खोटा नव्हता. रायगडावर महाराजांच्या कुळाची चौकशी झाली, हे इतिहासात आहे. ज्याने देव-देश-धर्म राखला त्यालाच 'तू कोण?' असे विचारण्याची वृत्ती आपल्या समाजात होती. ती आज समूळ गेली आहे, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल काय? समरसतेचा विचार आपण मांडतो तो याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. दुखणे दाखविणाऱ्याचा उद्देश वेगळा असला, तरी दुखण्याकडे पाठ फिरविता येत नाही.

पराशक्ती आणि तिरुपती

१९५२च्या दिवाळीत 'पराशक्ती' प्रदर्शित झाला. संवाद एम. करुणानिधींचे, दिग्दर्शन कृष्णन-पंजू यांचे, निर्माते पी. ए. पेरुमल. चित्रीकरण सुरू असताना हा नवा नट बदलावा, असा दबाव होता. पेरुमल यांनी तो मानला नाही. चित्रपट लागला आणि एका रात्रीत गणेशन तामिळनाडूच्या घराघरांत पोहोचले. त्यातील न्यायालयातील प्रदीर्घ भाषण शाळकरी मुले पाठ म्हणत. चित्रपटात एका पुजाऱ्याचे दुराचरण दाखविले होते. त्यावरून बंदीची मागणी झाली. चित्रपटाचा रोख देवळावर आहे की देवळाच्या आडोशाने चालणाऱ्या अनाचारावर, हा वाद तेव्हा झाला आणि आजही होतो.

चळवळीला आपला नट सापडला, असे सर्वांना वाटले. पण पुढे काही वर्षांतच गणेशन तिरुपतीला गेले आणि व्यंकटेशाचे दर्शन घेऊन आले. एका नटाने देवदर्शन घेतले, एवढीच घटना. तिच्यावरून वादळ उठले. भिंतींवर त्यांची टिंगल करणारी वाक्ये रंगविली गेली. ज्या चळवळीने त्यांना नाव दिले होते, तिचेच अनुयायी त्यांना परत फिरण्याची आज्ञा देऊ लागले. विचारस्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्यांना एका माणसाचे देवळात जाणे सहन झाले नाही.

गणेशन यांनी उलट शिव्या दिल्या नाहीत. ते शांतपणे बाजूला झाले आणि कामराजांच्या काँग्रेसकडे वळले. इथे मला त्यांच्या स्वभावाची खरी ओळख पटते. अण्णादुराईंविषयी आणि पेरियारांविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत टाकला नाही. ज्या पेरुमल यांनी पहिल्या चित्रपटात विश्वास टाकला, त्यांच्या घरी वेल्लोरला ते दरवर्षी पोंगलच्या सणाला भेट घेऊन जात. नाव देणाऱ्याचे उपकार मानायचे आणि श्रद्धा मात्र गहाण टाकायची नाही, असा हा तोल होता. वैचारिक मतभेद होताच जुने संबंध तोडून टाकणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, तो पाहून ठेवावा.

एकाच भिंतीआड दोन भाषा

या काळातील मद्रास शहराची कल्पना असल्याखेरीज पुढचे कळणार नाही. कोडंबाक्कम आणि वडपळनी या भागांतील चित्रनगरीत तेव्हा तामिळ आणि तेलुगू असे दोन्ही चित्रपट तयार होत. तेलुगू चित्रसृष्टी हैदराबादला स्थिरावली ती बरीच पुढे. दिग्दर्शक, वादक, नृत्यशिक्षक, रंगभूषाकार हे सकाळी एका भाषेत आणि दुपारी दुसऱ्या भाषेत काम करीत. १९५३ साली गणेशन यांचा एक चित्रपट तामिळमध्ये 'पूंगोदै' आणि तेलुगूत 'परदेशी' या नावाने आला. दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद तेलुगू, निर्मिती अंजली देवींच्या संस्थेची, त्याही तेलुगू. 'पासमलर' या १९६१च्या चित्रपटात गणेशन यांची बहीण झालेल्या सावित्री आंध्रच्या. भावाबहिणीच्या त्या गोष्टीने सारा तामिळनाडू रडला. १९६४च्या 'कर्णन'मध्ये कर्ण गणेशन आणि श्रीकृष्ण एन. टी. रामाराव. त्यांचे तामिळ चित्रपट तेलुगूत जात, तेव्हा त्यांना आवाज देत कोंगरा जग्गय्या. हे जग्गय्या स्वतः मोठे नट, आणि १९६७ साली ओंगोलमधून लोकसभेवर निवडून गेलेले.

'नवरात्री' या १९६४च्या चित्रपटात गणेशन यांनी एकट्याने नऊ रसांना धरून नऊ भूमिका केल्या. दोन वर्षांनी तोच चित्रपट तेलुगूत आला, तेव्हा त्या नऊ भूमिका अक्किनेनी नागेश्वर राव यांनी केल्या. १९७४ साली हिंदीत 'नया दिन नई रात' झाला, तेव्हा संजीवकुमार यांनी. भाषा बदलली, नट बदलला. पण नवरस म्हणताच प्रेक्षक समजतो, कारण भरतमुनींचा तो हिशेब सगळ्यांच्या घरचा आहे. भाषावार प्रांतरचनेवरून रस्त्यावर दंगे होत होते त्याच दशकांत मद्रासच्या स्टुडिओंत ही माणसे एकमेकांची भाषा बोलत, एका पंगतीत जेवत आणि एकमेकांच्या भूमिका वाटून घेत होती. एकात्मतेवर परिषदा घेण्याचे त्यांना सुचले नाही. त्यांच्या रोजच्या कामातच ती होती.

वीर, देशभक्त, संत

आता या नटाने मिळालेल्या नावाचे काय केले, ते पाहू.

लहानपणी ज्या आख्यानाने वेड लावले होते, तो कट्टबोम्मन त्यांनी आधी रंगभूमीवर आणि मग १९५९ साली पडद्यावर उभा केला. 'वीरपांडिय कट्टबोम्मन', दिग्दर्शक बी. आर. पंतुलू. पांचालंकुरिचीच्या या पाळेगाराने कंपनी सरकारला खंड देण्याचे नाकारले आणि १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कायत्तार येथे त्याला फाशी झाली. १८५७च्या आधी अर्धशतकाहून अधिक काळ! हा वीर तेलुगू मूळ असलेल्या समाजातला आणि तामिळ लोकगीतांचा नायक. इंग्रज अधिकाऱ्यापुढे उभे राहून 'कर कशासाठी?' असा जाब विचारणारा गणेशन यांचा आवाज तामिळनाडूत आजही नकला करणाऱ्या मुलांच्या तोंडी असतो. १९६०मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. जिथे कट्टबोम्मनला फासावर चढविले, त्या कायत्तारला त्यांनी स्वखर्चाने जागा घेऊन त्याचा पुतळा उभारला. भूमिका संपली, मेहनताना मिळाला. तरी नटाचे कर्तव्य संपले नव्हते.

१९६१ साली 'कप्पलोट्टिय तमिळन' आला. नावाचा अर्थ, जहाज चालविणारा तामिळ. हे चिदंबरम पिळ्ळै यांचे चरित्र. लोकमान्यांच्या स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन १९०६ साली या वकिलाने तुतिकोरीनला स्वदेशी जहाज कंपनी काढली आणि इंग्रजांच्या कंपनीशी सामना मांडला. १९०८ साली लोकमान्य मंडालेला गेले. त्याच वर्षी चिदंबरम पिळ्ळै यांनाही शिक्षा झाली. तुरुंगात त्यांना बैलाच्या जागी घाण्याला जुंपले. पडद्यावर तो घाणा ओढणारे गणेशन ज्यांनी पाहिले, त्यांना अंदमानच्या कोलूची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. हा चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. हेही सांगितले पाहिजे. कारण देशभक्तीचा चित्रपट काढला की गल्ला भरतोच, असा आजचा समज आहे. त्यांनी केला तेव्हा तो तोट्याचा सौदा होता.

मग आली ती पौराणिक आणि संतचरित्रांची मालिका. ए. पी. नागराजन यांच्या 'तिरुविळैयाडल' या १९६५च्या चित्रपटात ते शिवशंकर झाले. त्यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. साक्षात शिव कविरूपाने पांड्य राजाच्या दरबारात येतो आणि नक्कीरर हा कवी त्याच्या काव्यातील दोष दाखवितो. समोर देव आहे हे कळल्यावरही तो माघार घेत नाही. चूक ती चूकच, असे सांगतो. नक्कीररची भूमिका नागराजन यांनी स्वतः केली होती. देवालाही प्रश्न विचारण्याची मुभा या परंपरेत आहे, हे नास्तिकांना ठणकावून सांगण्याची याहून सुंदर रीत कोणती? १९६७च्या 'तिरुवरुट्चेल्वर'मध्ये ते वृद्ध संत अप्पर झाले. त्या रंगभूषेसाठी आणि देहबोलीसाठी त्यांनी कांचीच्या परमाचार्यांना डोळ्यांसमोर ठेवले होते. १९६८च्या 'तिरुमाल पेरुमै'मध्ये त्यांनी वैष्णव आळ्वारांच्या भूमिका केल्या.

साल ध्यानात घ्या, १९६७. त्याच वर्षी अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. ज्यांनी ते नाटक लिहिले, त्यांच्या पक्षाचे राज्य आले. आणि त्यांचा शिवाजी चित्रपटगृहात शैव संतांची चरित्रे सांगत होता. तीच जनता मतदानाला जाई आणि तीच या चित्रपटांना गर्दी करी. तामिळ माणसाने राजकारण एका हाताने केले, पण दुसऱ्या हातातील निरांजन खाली ठेवले नाही. उत्तरेकडून पाहणाऱ्यांना हे दिसत नाही, म्हणून त्यांचे दक्षिणेविषयीचे अंदाज वारंवार चुकतात.

ज्ञानोबा-तुकोबांच्या गावचा पाहुणा

१९७३ साली अंजली देवींच्या संस्थेने तेलुगूत 'भक्त तुकाराम' काढला. प्रभातच्या 'संत तुकाराम'नंतर ३७ वर्षांनी आपले तुकोबा गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडच्या लोकांना त्यांच्या भाषेत भेटले. तुकोबांच्या भूमिकेत नागेश्वर राव, जिजाबाई अंजली देवी. आणि छत्रपती शिवाजी महाराज? अर्थात शिवाजी गणेशन. त्यापूर्वी १९७०च्या एका तामिळ चित्रपटातही त्यांनी नाटकातल्या प्रवेशाच्या निमित्ताने महाराजांचा वेष चढविला होता.

मला हे चित्र फार हृद्य वाटते. एक तामिळ नट तेलुगू चित्रपटात मराठी राजा होऊन मराठी संतापुढे नतमस्तक होतो. ज्या नाटकाने त्याला नाव दिले, त्यातील शिवाजी समाजाच्या उतरंडीने दुखावलेला होता. या चित्रपटातील शिवाजी देहूच्या वाण्याचे पाय धरतो. त्या दोन प्रवेशांच्या मध्ये २७ वर्षे आहेत. पहिल्या नाटकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वारकरी संतांनी तीनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते, हे यात आपोआप दिसते. कोणी मुद्दाम तसे योजले असेल असे मी म्हणत नाही.

महाराष्ट्राशी त्यांचे आणखी एक नाते होते. लता मंगेशकर त्यांना भाऊ मानीत. आणि १९९९च्या 'पडयप्पा'मध्ये त्यांनी रजनीकांतच्या वडिलांची भूमिका केली. रजनीकांतचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, हे आपल्याला ठाऊक आहेच. ज्याने जन्माचे शिवाजी नाव बाजूला ठेवून कीर्ती मिळविली तो मुलगा, आणि ज्याला ते नाव कमवावे लागले तो बाप!

अपयशाचा हिशेब

माणूस थोर असला म्हणजे त्याचे सारेच थोर, असे मी म्हणणार नाही. आजच्या प्रेक्षकाला त्यांचा अभिनय भडक वाटतो. त्यात तथ्य आहे. हजारो प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याचे शिक्षण त्यांनी घेतले होते. कॅमेरा हातभर अंतरावर असताना ते कधी कधी जास्त होई. पण १९६८च्या 'तिल्लाना मोहनांबाळ'मध्ये नादस्वर वाजविणारे त्यांचे हात, गाल आणि श्वास पाहा. वादन सेतुरामन-पोन्नुस्वामी या बंधूंचे आहे, हे सांगूनही पटत नाही. १९८५च्या 'मुदल मरियादै'मधला वयस्क गावकरी आणि १९९२च्या 'तेवर मगन'मधला बाप पाहा. नुसत्या नजरेने ते बोलतात.

राजकारणात मात्र ते हरले. १९८२ साली ते राज्यसभेवर गेले. १९८८ साली स्वतःचा पक्ष काढला आणि १९८९ साली तिरुवैयारू मतदारसंघातून विधानसभेला पराभूत झाले. ज्या रामचंद्रन यांनी शिवाजीची भूमिका सोडली होती, ते १९७७पासून मृत्यूपर्यंत, मधला अल्पकाळ सोडल्यास, मुख्यमंत्री राहिले. ज्यांनी ती भूमिका केली त्यांना एक आमदारकीही मिळाली नाही. आणि हरले कुठे, तर तिरुवैयारूला! तिथे कावेरीकाठी संत त्यागराजांची समाधी आहे. तामिळ भूमीवर, मराठा राजांच्या अमदानीत, तेलुगू भाषेत रामभक्ती गाणारे त्यागराज. गणेशन यांच्या साऱ्या आयुष्याचा सारांश त्या गावात आहे. तिथल्या मतपेटीला मात्र तो वाचता आला नाही.

दिल्लीनेही त्यांना उशिरा ओळखले. १९६६ साली पद्मश्री आणि १९८४ साली पद्मभूषण मिळाले. पण सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार या नटाला कधीच मिळाला नाही. १९९५ साली फ्रान्सने शेव्हेलियर किताब दिला. त्यानंतर आपण १९९६चा दादासाहेब फाळके पुरस्कार दिला. आपल्या घरातील रत्नाची पारख परक्याने केल्यावर आपण जागे होतो, ही सवय जुनीच आहे.

आपल्यासाठी

आता शेवटचे सांगतो आणि थांबतो.

'कर्णन' हा चित्रपट २०१२ साली नव्या तंत्राने स्वच्छ करून पुन्हा प्रदर्शित केला गेला. मूळ प्रदर्शनानंतर ४८ वर्षांनी तो पुन्हा गर्दीत चालला. नातवंडांनी आजी-आजोबांबरोबर पाहिला. त्या कथेचे मर्म तामिळमध्ये ज्या कल्पनेने सांगतात, तिचा अर्थ आहे खाल्ल्या अन्नाचे ऋण. आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागणे. कर्णाने दुर्योधनाचे ऋण प्राण देऊन फेडले. त्यात त्याचा पक्ष चुकीचा होता, ही त्याची शोकांतिका. गणेशन यांच्यावरही एक ऋण होते, नावाचे. ज्यांनी ते दिले त्यांच्यापायी त्यांनी आपली श्रद्धा सोडली नाही. आणि ज्याचे ते नाव होते, त्याला कमीपणा येईल असे काही केले नाही.

महाराष्ट्रात महाराजांचे नाव घेणाऱ्यांची वाण नाही. रस्त्यांना, चौकांना, बँकांना, पतपेढ्यांना, दुकानांना, गाड्यांच्या काचांना ते नाव आहे. जन्माने आपल्याला ते फुकट मिळाले आहे. दूर विळुप्पुरमच्या एका गरीब पोराला ते वयाच्या अठराव्या वर्षी उसने मिळाले, आणि पुढची ५५ वर्षे तो ते फेडीत राहिला. कधी कट्टबोम्मन होऊन, कधी घाण्याला जुंपलेला देशभक्त होऊन, कधी हातात उळवार म्हणजे खुरपे घेऊन देवळाचे आवार साफ करणारा अप्पर होऊन. आपण काय फेडले, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

कार्यकर्त्यांना एवढेच सुचवितो. रामेश्वर-तिरुपतीची यात्रा आपल्यापैकी अनेकजण करतात. पुढच्या वेळी वाट थोडी वाकडी करून जिंजी चढा. खाली उतरल्यावर तिथल्या एखाद्या चहावाल्या आजोबांना शिवाजी गणेशन यांच्याविषयी विचारा. भाषा अडेल, पण नाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळेल, आणि आपण कोठून आलो हे सांगितल्यावर तर अधिकच. मग त्यांना कोणी 'मद्रासी' म्हणणार नाही, निदान आपण तरी.

ज्या तरुणाने मला घरी येऊन तो प्रश्न विचारला, तो समोरच बसला आहे. मी त्याचा आभारी आहे.